हाताच्या मापाचं वाद्य

या पुस्तकाचा विषय कळल्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या जाणकारांनी विचारलं, “गिटार? आणि ग्वाल्हेरात?” विचारण्यात खवचटपणा नव्हता. हद्दू खाँ-हस्सू खाँचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गाण्याचं विद्यालय काढलं; १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने दुसरं निघालं. अशा गावातल्या मराठी घरात सहा तारांची ही पाहुणी काय करते, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. मी उलट विचारलं, “काका, सरोद तरी कुठला?” ते हसले, पण त्यांना पटलं नाही. अर्धवट राहिलेलं ते बोलणं पुरं करायचं होतं, म्हणूनही ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

लेखिकेची हकीकत थोडक्यात अशी. आजोबा गात असत. त्यांनी मिरजेहून आणलेला तंबोरा अजून घरात आहे. नात गाते कमी, गिटार वाजवते जास्त. आजोबा गेल्यावर तिने एका कारागिराकडून स्वतःच्या हातासाठी गिटार घडवून घेतली आणि आजोबांच्या शिसवी पलंगाचं लाकूड तिच्यात घालायला लावलं. पुढचं सगळं तिनेच सांगितलंय आणि चांगलं सांगितलंय. ते मी आधीच फोडणार नाही. मला लिहायचंय ते या हकीकतीमागच्या प्रश्नाबद्दल. एका माणसाच्या मापाने, हाताने घडवलेलं वाद्य दुसऱ्याकडे वारशाने येतं, तेव्हा त्याच्या पदरात नेमकं काय पडतं? माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याला ते वाद्य बदलण्याचा हक्क मिळतो. ‘जपण्याची जबाबदारी’ असं आपण म्हणतो, ते चूक नाही. पण नुसतं जपून कुठलं वाद्य वाजतं राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि याचा पुरावा शोधायला ग्वाल्हेरच्या बाहेर जावं लागत नाही.

जीवाजीगंजात हाफिज अली खाँचं वडिलोपार्जित घर आहे. आता ते ‘सरोद घर’ या नावाने संग्रहालय झालंय. ग्वाल्हेर दरबारातले हे नामांकित सरोदिये. १९६० मध्ये पद्मभूषण झाले, १९७२ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ १९४५ मध्ये याच शहरात जन्मले. बाहेरून आलेली माणसं किल्ला बघतात, तानसेनाच्या समाधीवर जातात, तिथल्या चिंचेच्या पाल्याची गोष्ट ऐकतात (ती गोष्ट मी इथे सांगणार नाही, फार झाली) आणि गाडी पकडतात. सरोद घरात जाणारे थोडे. ज्याच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल त्याने मात्र तिथे जरूर जावं. निरनिराळ्या पिढ्यांतल्या कलावंतांनी वाजवलेली वाद्यं तिथे ठेवली आहेत. ती बघताना एक गोष्ट ध्यानात येते. दोन वाद्यं एकसारखी नाहीत. कुणाचं पोट मोठं, कुणाची मान लांब, खुंट्यांची मांडणी वेगळी. कारखान्याचा साचा ठरण्याआधीच्या काळातली ही मंडळी. प्रत्येक वाद्य कुणा एकाच्या सांगण्यावरून घडलेलं.

या घराण्याचे पूर्वज अफगाण प्रदेशातून आले आणि येताना रबाब घेऊन आले, असं सांगतात. रबाब हे लाकूड कोरून केलेलं, कातड्याने मढवलेलं, आतड्याच्या तारांचं वाद्य. त्याचा आवाज ठसठशीत, पण तुटक. तार छेडली की स्वर उमटतो आणि विझतो. पठाणी गाण्याला, तालाच्या खेळाला तो पुरतो. पण हिंदुस्थानात आल्यावर त्या वाद्यापुढे उभी राहिली मींड. इथल्या गाण्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, वाटेत कुठेही जोड दिसू द्यायचा नसतो. लाकडी पट्टीवर आतड्याची तार दाबून ते कसं साधणार? मग पट्टीवर लोखंडाचा पत्रा आला, आतड्याच्या जागी धातूच्या तारा आल्या आणि बोट गुळगुळीत पत्र्यावरून घसरू लागलं. हा बदल आपले पूर्वज गुलाम अली खाँ बंगश यांनी केला, असं या घराण्याचं सांगणं. सरोदियांची दुसरी घराणी हा मान आपल्याकडे ओढतात. लखनौकडचे लोक नियामतुल्ला खाँचं नाव घेतात. त्या वादात पडायचं मला कारण नाही. मान कुणाचाही असो, काम तेच. बापजाद्यांचं वाद्य हातात होतं, ते नव्या गाण्याला अपुरं पडत होतं, म्हणून पोरांनी ते उघडलं आणि बदललं. त्यांनी रबाबाला फुलं वाहून तो फडताळात ठेवला असता तर सरोद झालाच नसता.

याच घराण्यातली दुसरी गोष्ट पहिलीच्या अगदी उलटी वाटेल. हाफिज अली खाँना पद्म सन्मान मिळाला तेव्हा राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना विचारलं, सरकार आपल्यासाठी काय करू शकेल? खाँसाहेबांनी घर मागितलं नाही, मानधन मागितलं नाही. दरबारी रागाची शुद्धता राखण्याचं काही तरी करा, एवढंच म्हणाले. अमजद अली खाँ ही आठवण अनेकदा सांगतात. ऐकणारे हसतात, राष्ट्रपती वटहुकूम काढून दरबारीचा गंधार कसा जागेवर ठेवणार? मला त्यात विनोदापेक्षा हिशेब दिसतो. ज्या घराने वाद्याचं कातडं-लोखंड बदलायला मागेपुढे पाहिलं नाही, त्याच घराचा माणूस रागाच्या बाबतीत तसूभर सरकायला तयार नाही. काय बदलायचं आणि काय नाही, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं चालतं. आजोबांचा तंबोरा हलवायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, पण आजोबा गायचे त्या बंदिशी घरात कुणालाच येत नाहीत.

पण म्हणून वाद्य म्हणजे नुसतं साधन, गेलं तर दुसरं आणू, असंही नाही. २०१४ च्या जून महिन्यात अमजद अली खाँ लंडनहून दिल्लीला परतले आणि त्यांचा सरोद विमानाच्या सामानातून आलाच नाही. सुमारे ४५ वर्षं हाताखाली असलेलं वाद्य. त्यांच्याकडे दुसरे सरोद नव्हते असं नाही. कलकत्त्याच्या हेमेन सेन यांच्यासारख्या नामवंत कारागिरांनी त्यांच्यासाठी सरोद घडवले. तरी ते दिवस त्यांनी कसे काढले हे वर्तमानपत्रांत आलं होतं. सुदैवाने काही दिवसांत सरोद सापडला. दुसरा सरोद होता, मग एवढा जीव का तुटावा, हे वाजवणाऱ्याला विचारावं लागत नाही. इतक्या वर्षांत हात वाद्याला शिकलेला असतो; पत्र्यावर कुठे किती घसरलं की कुठला स्वर लागतो हे बोटांना डोळे मिटून ठाऊक असतं. नवं वाद्य कितीही चांगलं असो, ते सगळं पुन्हा शिकायचं.

आता तंबोऱ्याकडे. ग्वाल्हेरची गायकी मिरजेकडे गेली आणि मिरजेचे तंबोरे मराठी गवयांच्या घरोघर, या लष्करापर्यंत आले. ही देवघेव मला फार आवडते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे काम चालतं. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली, असं तिथे सांगतात. हत्यारांचा जमाना संपत आला तेव्हा त्याच हातांनी वाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून भोपळे येतात, दांडीला आणि तबलीला तुणीचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. उशिरा मिळालं, पण मिळालं.

गाण्याची साथ म्हणून तंबोरा आपण ऐकतो, पण त्याचा खरा कस घोडीवर असतो. घोडीचा माथा वरवर बघणाऱ्याला सपाट दिसतो. तो सपाट नसतो. त्याला नजरेला जाणवणार नाही इतका उतार असतो आणि तार त्या उतारावरून घासत जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी आवाज एकदम उघडतो. चार तारांतून पाचवा, सहावा स्वर ऐकू यायला लागतो. ती जवारी. वर्षानुवर्षं वाजवून तारांनी घोडीवर चर पाडलेले असतात, मग दोरा कुठेही सरकवा, आवाज बसलेलाच. तेव्हा कारागीर तारा सोडतो, घोडी काढतो, कानशीने माथा अगदी हलक्या हाताने घासतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. मी हे काम तासन्‌तास बघत बसलो आहे. घासण्यापेक्षा ऐकण्यात वेळ जास्त जातो. खुली जवारी हवी की बंद, हे तो गाणाऱ्याला विचारतो. आणि खरं तर त्याचा आवाज दोन मिनिटं ऐकल्यावर विचारतही नाही.

म्हणजे तंबोरासुद्धा मापाचा असतो. पुरुषी तंबोरा मोठा, काळी एक किंवा काळी दोनमध्ये बोलणारा. बायकांचा त्याहून लहान, चढ्या पट्टीचा. तारांची जाडी पट्टीप्रमाणे. आजोबांचा काळी एकचा तंबोरा नातीच्या काळी चारला न्यायचा म्हटलं तर तारा तुटतात, आणि पातळ तारा घालून नेलाच तर आवाज चिपाड होतो. या पुस्तकातला पेच इथेच सुरू होतो. वारसा घरात आहे, चांगल्या स्थितीत आहे, पण वारसाला तो होत नाही. आजोबांचा कोट नातवाच्या खांद्यावरून ओघळावा तसं हे. कोट शिंपी आटवून देतो. तंबोऱ्याची दांडी आटवता येत नाही. मग काय करायचं? लेखिकेने केलं ते असं की तंबोरा होता तसा ठेवला, घोडी दुरुस्त करून घेतली, आणि वाजवायला स्वतःच्या मापाचं दुसरं वाद्य घडवलं.

जाणकार काकांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. पण गिटारच का? परक्या वाद्याला घरात घ्यायची आपल्याला सवय नाही असं नव्हे. शिंदे घराण्यातले भय्यासाहेब गणपतराव याच ग्वाल्हेरात हार्मोनियम अशी वाजवत की ठुमरी गाणाऱ्यांना ती आपलीशी वाटू लागली. ती पेटीही युरोपातूनच आलेली. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकली आणि त्या सगळ्या काळात पेटी घराघरांत वाजत राहिली. गिटारीचंही तसंच. हवाईयन गिटार गेल्या शतकात कलकत्त्याच्या वाटेने आली, सिनेमाची गाणी वाजवत मध्यमवर्गीय दिवाणखान्यात बसली. पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काबऱ्यांनी ती मांडीवर आडवी घेऊन रागसंगीत वाजवलं. त्यांचे गुरू कोण? सरोदिये अली अकबर खाँ. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आमच्या पिढीतल्या किती घरांत झिजेपर्यंत वाजली असेल! विश्वमोहन भट्टांनी गिटारीला चिकारी आणि तरफा जोडून तिची मोहनवीणा केली, आणि राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. रबाबाचं झालं तेच गिटारीचं. मींड हवी होती, म्हणून वाद्य बदललं. लेखिकेची गिटार मात्र साधी सहा तारांची आहे आणि ती तिच्यावर राग वाजवते असा तिचा दावाही नाही. आजोबांच्या दोन-तीन बंदिशी तिने बसवल्या आहेत, बाकी तिला आवडतं ते. ही प्रामाणिक बाजू मला पसंत आहे.

हाताने घडवलेली गिटार म्हणजे काय, हे वाचकाला थोडं ठाऊक असावं. दुकानात टांगलेली गिटार सरासरी हातासाठी असते. घडवून घेताना कारागीर आधी हात बघतो. तारा जिथून सुरू होतात तिथली मानेची रुंदी ४३ मिलिमीटर की ४५, तारेची वाजती लांबी ६४५ मिलिमीटर की ६३२; आकडे वाचून हसू येईल, पण लहान पंजाच्या माणसाला त्या सव्वा सेंटिमीटरने सूर आवाक्यात येतो किंवा मनगट दुखू लागतं. पोलादी सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात, आणि तो ताण सोसायचा असतो जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या पाटीने. ही पुढची पाटी सहसा थंड प्रदेशातल्या स्प्रूसची; एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेल्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडतात. जाड ठेवली तर गिटार मुकी, पातळ केली तर काही वर्षांत फुगणार. कारागीर पाटी दोन बोटांत अधांतरी धरून अंगठ्याच्या पेराने ठोकतो, रंध्याचा एक हात मारतो, परत ठोकतो. बाजूच्या फळ्या दोनेक मिलिमीटरच्या. पाण्याने भिजवून तापल्या नळीवर वाकवतात. जोड सरसाने. सरसाचा जोड उष्णतेने आणि ओलाव्याने सोडवता येतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी दुरुस्त करायला घेतलं तर त्याला लाकूड फोडावं लागत नाही. चांगला कारागीर आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची सोय करून ठेवतो.

पाठीला आणि बाजूंना शिसव. हे लाकूड काही फक्त भावनेचं नाही. ब्राझीलने आपल्या शिसवाच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतलं, आणि तेव्हापासून जगभरच्या अनेक उत्तम गिटारींच्या पाठी आपल्याकडच्या लाकडाच्या आहेत. तेच झाड, ज्याचे पलंग, कपाटं, झोपाळे आपल्या पणज्यांनी केले. २०१७ मध्ये या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, तेव्हा गिटारी परदेशी विकणाऱ्यांना कागद सांभाळावे लागले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

मग पलंगाच्या फळीने गिटार गोड वाजते का? भाबडेपणा नको, म्हणून सांगतो. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. पुढची पाटी मात्र उत्तम लाकडाची. त्याला दाखवायचं होतं की आवाज मुख्यतः पुढच्या पाटीत असतो. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेसच्या या कारागिरीचा आधार घेऊन मी म्हणेन की घरचं लाकूड जिथे बसेल तिथे खुशाल बसवावं, फक्त पुढच्या पाटीबाबत कारागिराला गप्प करू नये. लेखिकेच्या बाबतीत कारागिरानेच तिला जमिनीवर आणलं. पलंगाच्या बहुतेक फळ्या अरुंद होत्या, खिळ्यांची भोकं होती, एक तर आतून किडकी. त्यातून पट्टी निघाली, डोक्यावरचा पापुद्रा निघाला, घोडी निघाली. पाठ त्याने स्वतःकडच्या लाकडाची केली. तिला वाईट वाटलं, पण ऐकलं. तो प्रसंग पुस्तकात आहे आणि मला तो सगळ्यात चांगला वाटतो.

लाकूड किडकं असूनही काय होऊ शकतं, याचं जगातलं सर्वांत नामांकित उदाहरण इंग्लंडचं. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे. दुकानातली गिटार परवडत नव्हती म्हणून १९६३ मध्ये या शाळकरी मुलाने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. त्यात वाळवीसारख्या किड्यांनी भोकं पाडलेली, ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या. ही गिटार विजेची, तिचा विषय वेगळा. पण तीच घेऊन तो पुढे जगभर वाजवत राहिला, आणि १९९८ मध्ये एका कुशल कारागिराकडून तिची डागडुजी करून घेतली. वडिलांच्या हातची म्हणून तिला हात लावू नका, असं म्हणत बसला नाही.

आता ग्वाल्हेरच्या हवेबद्दल, कारण ज्यांना इथे वाद्य सांभाळायचंय त्यांना शहाणपणापेक्षा याची गरज जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लू वाहते, हवेतला ओलावा नाहीसा होतो. लाकूड आक्रसतं. गिटारीची पाटी खपाटीला जाते, पट्टीच्या कडेने तारपट्ट्यांची टोकं बोटाला लागायला लागतात, आणि एखाद्या दुपारी बंद खोलीत टणकन आवाज होतो. तो पाटीला चीर गेल्याचा असतो. तंबोऱ्याचा भोपळा याच दिवसांत तडकतो. मग जुलैत पाऊस आला की सगळं उलटं. पाटी फुगते, तारा उंच होतात, सरोदाचं कातडं सैल पडून आवाज बुजतो. वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या गावात ती वर्षातले थोडेच आठवडे आपणहून असते. यावर आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे वाद्य कूलरच्या खोलीत ठेवणं. कोरडं ठेवण्यापेक्षा बरं, पण कूलरच्या थेट झोतात ठेवलं तर दिवसा ओलं, रात्री कोरडं, आणि लाकडाला हीच ओढाताण सोसत नाही. गिटार पेटीत ठेवावी, पेटीत ओलावा देणारी छोटी पिशवी ठेवावी, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. ज्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं ती रात्री बारापर्यंत तापलेली असते.

जुन्या वाद्यांच्या बाबतीत कायद्याचंही भान हवं. हस्तिदंती नक्षी, सांबरशिंगाची घोडी असलेले तंबोरे-सतारी अनेक घरांत आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांच्या कचाट्यात ही वस्तू येते. ती विकताना किंवा परदेशी नेताना आधी नीट चौकशी करावी. आजचे कारागीर दुसऱ्या साहित्याच्या घोड्या करतात आणि त्या उत्तम वाजतात. ‘शिंगाचा आवाज वेगळा’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हरीणही वेगळंच होतं.

वाटण्यांबद्दल पुस्तकात एक प्रकरण आहे, त्यावर थोडंच. जमिनीवरून, दागिन्यांवरून भावंडं भांडतात. तंबोऱ्यावरून भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही, कारण तो जागा अडवतो आणि कुणालाच नको असतो. पन्नास वर्षं घरात सकाळ ज्याच्यावर झाली, ते वाद्य माळ्यावर जुन्या गाद्यांमागे जातं आणि वर म्हणायला आपण मोकळे, की आम्ही जपलंय.

पुस्तकात काही उणिवा आहेत. गिटारीच्या तांत्रिक बाजूवर लेखिका रेंगाळते, मध्येच आजोबांची हकीकत सुटते. आणि मिरजेच्या कारागिरांबद्दल तिने आणखी लिहायला हवं होतं. त्यांच्या गल्लीत आजही दुरुस्तीची कामं होतात, आणि तिथल्या जुन्या माणसांना कुठल्या घरासाठी कुठला तंबोरा केला हे आठवतं. ते कुणी तरी त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं, लवकर.

वाचकांना एक विनंती. घरात असं कुठलं वाद्य असेल, तंबोरा, सतार, पेटी, गिटार, तर या उन्हाळ्याआधी ते खाली काढा. कुणी घडवलं, कुठे, कुणासाठी, कुठल्या पट्टीत लावत, कुठल्या जाडीच्या तारा, मागची दुरुस्ती कधी आणि काय झाली, एवढं एका कागदावर लिहून गवसणीत किंवा पेटीत ठेवा. ज्यांना हे सांगता येईल ती माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारा. मग वाद्य चांगल्या कारागिराला दाखवा, आणि त्याने काही बदला म्हटलं तर त्याचं ऐका.